इंग्रजी संक्षेपातील महाभारत

एखाद्या सुशिक्षित घरी इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या नातीला वाढदिवसाची भेट म्हणून रमेशचंद्र दत्तांचे इंग्रजी पद्यातील महाभारत मिळते. पुस्तक लहान, अक्षर सुबक, वाचायला चार संध्याकाळी पुरेत. आजीचे महाभारत निराळ्या वाटेने आलेले असते. काही कीर्तनातून, काही पोथीतून, काही माहेरच्या ओसरीवर ऐकलेले. रात्री जेवणे आटोपल्यावर बोलणे निघते आणि नात ठासून सांगते, की द्रौपदी ही युधिष्ठिराची राणी होती. पाच पती वगैरे मागाहून जोडलेली कथा आहे. आजी प्रथम हसते, मग किंचित रागावते. पुस्तक उघडले जाते आणि पुस्तक नातीच्या बाजूने साक्ष देते.

अशा वेळी चुकले कोण, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. नातीने वाचण्यात कसूर केलेली नाही. दत्तांनीही काही लपवून ठेवलेले नाही. आजीचे ज्ञान तर मूळ ग्रंथाला धरूनच आहे. घोटाळा आहे तो संक्षेप या वस्तूच्या स्वरूपात. संक्षेप काय सांगतो हे वाचकाला दिसते. काय गाळतो हे दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते मुळातच नव्हते असे धरून चालण्याची मनाला खोड असते.

महाभारत थोडक्यात सांगण्याची हौस इंग्रजांनी आणली, असे मात्र कोणी समजू नये. खुद्द आदिपर्वातच असे म्हटले आहे, की व्यासांनी हे ज्ञान विस्ताराने सांगितले तसे संक्षेपानेही सांगितले. उपाख्याने वगळून चोवीस हजार श्लोकांची भारतसंहिता केल्याचा उल्लेखही तेथेच येतो. वनपर्वातील रामोपाख्यान म्हणजे रामकथेचा संक्षेपच होय. पुढे अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने ‘भारतमंजरी’ रचून साऱ्या भारताचे सार संस्कृतातच काढले. मराठीत मुक्तेश्वराने ओवीत आणि मोरोपंतांनी आर्येत भारत आणले, तेही श्लोकास श्लोक ठेवून नव्हे. तथापि या सर्वांचा वाचक किंवा श्रोता मूळ कथा जाणणारा होता. कवीने एखादा प्रसंग सोडला, तर तो श्रोत्याच्या मनात आधीपासून उभा असे. इंग्रजी संक्षेपाचा वाचक निराळा. त्याच्या हाती जे पडते तेवढेच त्याचे महाभारत.

दत्तांनी हे काम ज्या काळात केले तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. त्यांचा जन्म १८४८ मध्ये कलकत्त्याचा. सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि बिहारीलाल गुप्त यांच्याबरोबर १८६८ मध्ये ते विलायतेस गेले, सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा उतरले आणि कमिशनरच्या हुद्द्यापर्यंत चढले. १८९७ मध्ये नोकरी सोडून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात हिंदुस्थानच्या इतिहासाचे व्याख्याते झाले. ऋग्वेदाचा बंगाली अनुवाद त्यांनी त्यापूर्वीच केला होता. १८९८ मध्ये डेंट या लंडनच्या प्रकाशकाने ‘टेंपल क्लासिक्स’ या खिशात मावणाऱ्या पुस्तकांच्या मालेत त्यांचे महाभारत काढले, त्याला मॅक्समुल्लर यांची प्रस्तावना मिळाली. लगेच १८९९ मध्ये रामायण आले. त्याच वर्षी लखनौच्या काँग्रेसचे अध्यक्षपद दत्तांकडे होते, आणि हिंदुस्थानच्या दारिद्र्याची मीमांसा करणारा त्यांचा आर्थिक इतिहास त्यानंतर थोड्याच वर्षांत प्रसिद्ध झाला. राज्यकर्त्यांच्या राजधानीत बसून हा गृहस्थ एका हाताने शेतसाऱ्याचा हिशेब मांडीत होता आणि दुसऱ्या हाताने व्यास-वाल्मीकींची ओळख करून देत होता. दोन्ही कामांचा रोख एकच होता असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

त्या वेळी संपूर्ण महाभारत इंग्रजीत नव्हते असे नाही. किशोरीमोहन गांगुली यांचे गद्य भाषांतर १८८३ पासून कलकत्त्यास भागाभागाने निघत होते. प्रकाशक प्रतापचंद्र रॉय १८९५ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी सुंदरीबाला यांनी ते काम नेटाने पुढे नेऊन १८९६ मध्ये तडीस लावले. गांगुलींनी आपले नाव आरंभी छापू दिले नाही, म्हणून कित्येक वर्षे ते भाषांतर रॉय यांचेच समजले जाई. पण होमरची दोन्ही काव्ये एकत्र केली तरी त्यांच्या सुमारे सातपट भरणारा हा ग्रंथ लंडनच्या सामान्य वाचकाने पुरता वाचावा, ही अपेक्षाच व्यर्थ होती. दत्तांना तो वाचक हवा होता.

त्यांनी योजिलेली पद्धत विचारपूर्वक होती. गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची नाही; मूळ काव्यातून निवडक प्रसंग घ्यायचे, त्या प्रसंगांचे मात्र सलग भाषांतर करायचे, आणि मधली दरी प्रत्येक सर्गाच्या आरंभी छोट्या गद्य टिपेने भरून काढायची. असे बारा सर्ग झाले: अस्त्रदर्शन, स्वयंवर, राजसूय, द्यूत, पतिव्रतामाहात्म्य, गोहरण, उद्योग, मग भीष्म, द्रोण आणि कर्ण यांचे वध, त्यानंतर श्राद्ध आणि शेवटी अश्वमेध. नुसती ही यादी वाचली तरी संकलकाची दृष्टी कळते. काव्याला सुरुवात असावी, मध्य असावा, अंत असावा, आणि सारे एका युद्धाभोवती फिरावे, ही युरोपीय महाकाव्याची कल्पना त्यांच्यासमोर होती. सावित्रीचे आख्यान तेवढे या चौकटीबाहेरचे. पण ते सोडवेना, आणि न सोडले हे बरेच झाले.

वृत्ताची निवड त्याहून कुतूहलाची आहे. अनुष्टुभाच्या अर्ध्या श्लोकात सोळा अक्षरे असतात. टेनिसनच्या ‘लॉक्सली हॉल’ या प्रसिद्ध कवितेच्या ओळीत पंधरा अवयव येतात. दत्तांनी हे साम्य हेरून सारे भाषांतर त्या वृत्तात बसविले. लांबी जुळली, चाल जुळली नाही. अनुष्टुभ हा पायी चालणारा छंद आहे. त्यात सेनेची गणती करता येते, वंशावळ सांगता येते, विलाप करता येतो, नीती सांगता येते, आणि कशानेही त्याचा तोल जात नाही. टेनिसनचे ते वृत्त घोड्यावर बसलेले आहे. प्रत्येक ओळीच्या आरंभी आघात, शेवटी यमक, आणि मध्ये दम खाण्यास जागा थोडी. रंगभूमीवरील शस्त्रपरीक्षेत किंवा कर्ण आणि अर्जुन यांच्या द्वंद्वात ही दौड शोभते. गांधारी रणभूमीवर आपल्या पुत्रांची कलेवरे पाहत फिरते, तेथे मात्र तोच ठेका कानाला खुपतो. मोरोपंतांची आर्याही मूळ छंदाहून कितीतरी दूर आहे. पण तिने आपण अनुष्टुभासारखी असल्याचा दावा कधी केला नाही.

दत्तांचे काव्य राजपुत्रांच्या शस्त्रपरीक्षेपासून सुरू होते. म्हणजे नैमिषारण्यात जमलेले ऋषी नाहीत, जनमेजयाचे सर्पसत्र नाही, गंगा आणि शंतनू यांची भेट नाही, सत्यवतीच्या बापाची अट आणि देवव्रताची प्रतिज्ञाही नाही. यातील सर्पसत्राचा लोप वरवर क्षुल्लक वाटेल. वास्तविक तो क्षुल्लक नाही. मूळ ग्रंथात ही साऱ्या कुळाच्या नाशाची कथा त्या कुळाच्या पणतूला सांगितली जाते, आणि तीही तो स्वतः एका समग्र जातीचा संहार करण्यास बसला असताना. ऐकणारा कोण आहे हे काढून टाकले, की गोष्टीला असलेली धार बोथट होते. तसेच भीष्मांचे. ज्याने सत्यवतीच्या बापाची अट वाचली नाही, अंबेचे दुःख वाचले नाही, त्याला शिखंडीसमोर धनुष्य खाली ठेवणारा वृद्ध योद्धा उदार वाटेल. ऋण फेडणारा वाटणार नाही.

गीताही या बारा सर्गांत नाही. हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो, पण इंग्रजी वाचकाच्या दृष्टीने त्यात नवल नव्हते. कारण गीता त्याच्याकडे कधीच स्वतंत्रपणे पोहोचली होती. चार्ल्स विल्किन्सचे भाषांतर १७८५ मध्येच छापले गेले होते. एडविन आर्नल्डचे पद्य भाषांतर १८८५ मध्ये निघाले, आणि लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करणाऱ्या तरुण मोहनदास गांधींनी गीता प्रथम वाचली ती १८८९ च्या सुमारास याच पुस्तकातून. तोवर त्यांनी ती संस्कृतात किंवा गुजरातीत वाचलेली नव्हती. अशा रीतीने इंग्रजी जाणणाऱ्या घरांच्या कपाटात दोन पुस्तके शेजारी आली: ज्यात युद्ध नाही अशी गीता, आणि ज्यात गीता नाही असे महाभारत.

या फारकतीत एक फार मोलाची गोष्ट हरवली आहे. भीष्मपर्वात संजय रणातून परत येतो तो भीष्म पडले हे सांगण्यासाठी. दहा दिवसांचे युद्ध होऊन गेलेले आहे. धृतराष्ट्र शोक करतो, आणि मग हे सारे कसे घडले ते आरंभापासून सांग म्हणून विचारतो. गीतेच्या पहिल्या श्लोकातील त्याचा प्रश्न हा त्या शोकानंतरचा आहे. युद्ध सुरू होण्याच्या क्षणी कुतूहलाने विचारलेला तो प्रश्न नव्हे. ज्याच्या बळावर सर्व आशा होती तो पितामह शरपंजरी पडल्याचे कळलेल्या एका अंध बापाचा तो प्रश्न आहे. द्रोण, कर्ण आणि शल्य यांच्या पर्वांतही हाच क्रम आहे: आधी मृत्यूची वार्ता, मग त्याची कथा. पुढे काय होणार ही उत्कंठा व्यासांना मुळी नकोच आहे. संक्षेप करणारे बहुतेक सर्व लेखक हा क्रम सरळ करून टाकतात. गोष्ट त्यामुळे सुबोध होते, आणि तिच्यातील धृतराष्ट्र नाहीसा होतो.

आता द्रौपदीकडे वळले पाहिजे, कारण घरातील वाद तिच्यावरून होता. दत्तांनी स्वयंवराच्या सर्गाच्या टिपेत आपली भूमिका उघडपणे मांडली आहे. एका स्त्रीने पाच भावांशी विवाह करणे हिंदूंच्या धर्मशास्त्राविरुद्ध आहे. काव्याच्या मुख्य प्रसंगांत ती युधिष्ठिराचीच पत्नी म्हणून वावरते. राजसूयात पट्टराणीचा मान तिला त्याच्यामुळे, आणि द्यूतात पणाला लावतो तोही तोच. भीम आणि अर्जुन यांना इतर बायका आहेत. म्हणून तिला युधिष्ठिराची पत्नी समजावे, असा त्यांचा युक्तिवाद. व्हिक्टोरिया राणीच्या लंडनमध्ये आपल्या पूर्वजांची अब्रू राखू पाहणाऱ्या माणसाला असे वाटणे स्वाभाविक होते. तरी पण हा युक्तिवाद टिकत नाही. न टिकण्याचे कारण असे, की ज्या अडचणीवर दत्तांनी पडदा टाकला ती अडचण मूळ ग्रंथाने स्वतःच चव्हाट्यावर मांडली आहे. द्रुपद हा विवाह ऐकून थक्क होतो, हे अधर्म्य आहे असे स्पष्ट म्हणतो. युधिष्ठिर जटिला नावाच्या गौतमीचा दाखला देतो, जी सात ऋषींची पत्नी झाली होती. तेवढ्याने समाधान होत नाही तेव्हा व्यास येऊन पाच इंद्रांची कथा सांगतात. एकामागून एक कारणे देणारा ग्रंथ आपली अस्वस्थता लपवीत नाही. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ या १९६७ च्या ग्रंथात या माणसांकडे समाजशास्त्रज्ञाच्या निर्भय नजरेने पाहिले, तेव्हा त्यांची उंची कमी झाली नाही. उलट ती अधिक जवळची वाटू लागली.

युद्धानंतरच्या भागाची वाट याहूनही बिकट आहे. शांतिपर्व हे अठरा पर्वांतील सर्वांत मोठे. त्याला अनुशासनाची जोड. ही दोन पर्वे कोणताही संक्षेपकार पहिल्या प्रथम उचलून बाजूला ठेवतो, आणि राजधर्म व मोक्षधर्म यांचे ते अरण्य पाहिले की त्याला दोषही देववत नाही. पण त्या अरण्याच्या तोंडाशीच सबंध महाभारतातील एक अत्यंत मानवी प्रसंग उभा आहे. कर्ण आपला भाऊ होता हे कळल्यावर युधिष्ठिर राज्यच नको म्हणतो. भिक्षापात्र घेऊन वनात जाण्याची भाषा करतो. अर्जुन त्याला फटकारतो, भीम चिडतो, नकुल-सहदेव विनवितात, आणि द्रौपदी तर त्याला वेड लागले आहे, व त्याच्यामागे जाणारे भाऊही वेडेच, असे सुनावते. ज्या राज्यासाठी एवढा संहार झाला ते हाती आल्यावर विजेत्याच्या घरात हे भांडण चालले आहे. दत्तांच्या पुस्तकात श्राद्धानंतर पान उलटले की अश्वमेधाचा घोडा सुटतो. यादवांचा नाश, पांडवांचे महाप्रस्थान, त्यांच्यामागून चालणारा तो कुत्रा, हे सारे उपसंहाराच्या काही गद्य ओळींत आटोपले आहे, कारण दत्तांच्या मते खरे काव्य युद्ध आणि अंत्यविधी यांच्याबरोबर संपते. हे मत पटणे कठीण आहे. विजयी पुरुषांचे पुढे काय झाले हे सांगण्यासाठीच जणू व्यासांनी शेवटची पर्वे राखून ठेवली आहेत.

दत्तांनंतर असे संक्षेप अनेक झाले. राजगोपालाचारींनी ‘कल्की’ या तमिळ साप्ताहिकात लिहिलेल्या कथांचे इंग्रजी पुस्तक १९५१ मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने काढले. ते भाषांतर नव्हे. आजोबांनी सांगितलेली गोष्ट आहे, आणि आजोबा मधूनच थांबून उपदेशाचे दोन शब्द बोलतात, ते उघडपणे त्यांचे असतात. चक्रवर्ती नरसिंहन यांची १९६५ ची आवृत्ती निवडक श्लोकांवर आधारलेली, कोरडी पण विश्वासू. विल्यम बक या अमेरिकन लेखकाने तर पुष्कळ प्रसंग स्वतःच्या कल्पनेने रंगविले. त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९७३ मध्ये, प्रसिद्ध झाले. आर. के. नारायण यांचे महाभारत १९७८ चे. त्यांच्या १९७२ च्या रामायणाबाबत मात्र एक सावधगिरीची सूचना हवी: ते वाल्मीकीचे नव्हे, कंबनाच्या तमिळ काव्याच्या आधारे लिहिलेले आहे. मुखपृष्ठापलीकडे न पाहणारे वाचक ते वाल्मीकीच्या नावावर खपवितात.

२००९ मध्ये पेंग्विनने जॉन स्मिथ यांचा जो संक्षेप काढला, त्यात भाषांतर कोठे आहे आणि केवळ सारांश कोठे आहे हे वाचकाला पदोपदी कळते. ही मोठीच सोय. परंतु या पुस्तकात एक नवाच पेच उद्भवतो आणि त्याचे मूळ पुण्यात आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्याला चालना दिली होती. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले, आणि सर्व काम १९६६ मध्ये संपले. निरनिराळ्या लिप्यांतील शेकडो हस्तलिखिते ताडून पाहता, व्यासांचा लेखनिक म्हणून गणपती बसल्याची कथा मूळ पाठात टिकली नाही. ती परिशिष्टात गेली. फ्रँकलिन एजर्टन यांनी १९४४ मध्ये संपादिलेल्या सभापर्वात द्रौपदीला वस्त्रे पुरविली जातात, पण तिने कृष्णाचा केलेला धावा मूळ पाठात नाही.

स्मिथ यांनी हाच पाठ आधाराला घेतला आहे. तेव्हा या पुस्तकात गणपती शोधणारा वाचक म्हणेल की संक्षेपकाराने तो गाळला. त्याने गाळलेला नाही. पुण्याच्या पंडितांनी हस्तलिखितांच्या साक्षीवरून तो बाजूला ठेवला आहे. जागेअभावी सोडलेले एक, लेखकाला रुचले नाही म्हणून सोडलेले दुसरे, आणि मुळातच नव्हते असे ठरलेले तिसरे. छापील पानावर ही तिन्ही सारखीच कोरी दिसतात. ती ओळखण्याचा उपाय एकच: संक्षेपाच्या शेजारी संपूर्ण ग्रंथ असावा. गांगुलींचे जुने भाषांतर आजही सहज मिळते. चिकित्सक पाठावरून बिबेक देबरॉय यांनी केलेले दहा खंडांचे भाषांतर २०१० ते २०१४ या काळात पूर्ण झाले. सगळे वाचले पाहिजे असे नाही. संक्षेपात जेथे शंका येईल, तेथे पर्व पाहावे आणि तेवढाच अध्याय काढावा. प्रस्तावना आधी वाचावी, कारण प्रामाणिक संक्षेपकार आपले अपराध तेथेच कबूल करतो.

दत्त पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे दिवाण झाले आणि ३० नोव्हेंबर १९०९ रोजी बडोद्यासच वारले. पुढच्या वर्षी डेंट यांच्या ‘एव्हरीमन’ मालेत त्यांची दोन्ही महाकाव्ये एका जिल्दीत निघाली, आणि इंग्रजी वाचणाऱ्या कित्येक पिढ्यांना व्यासांची पहिली ओळख त्या जिल्दीने करून दिली. हे ऋण लहान नाही. नातीने ते पुस्तक टाकून देण्याचे काहीच कारण नाही. कर्णाचे रंगभूमीवरील आगमन तिला तोंडपाठ झाले असेल तर चांगलेच आहे. आजीच्या सांगण्यावरून ती फार तर आदिपर्वाचा मोठा खंड खाली काढील आणि स्वयंवरानंतरची पाने चाळू लागेल. तेथे तिला द्रुपद राजा भेटेल, आणि तिने त्या रात्री आजीला घातलेला वाद तो युधिष्ठिराशी घालीत असेल.